हिवरदऱ्याचा झोपा

"बाई हायेत का घरात?"

रविवारची सकाळ होती. अर्ध्या तोंडाला दाढीचा फेस तसाच ठेवून मी दार उघडलं, तर ओट्यावर चार फेटेवाले उभे. पुढच्याच्या हातात आमच्या तालुक्याचं साप्ताहिक होतं, गुंडाळून काठीसारखं धरलेलं.

"आपण?"

"आम्ही हिवरदरे खुर्दचे. मी सरपंच, रंगनाथ थोरवे. बाईंनी आमच्या गावाचं नाव पेपरात घातलंय."

माझी बायको कुमुद तेव्हा कन्याशाळेत मराठी शिकवायची आणि त्या साप्ताहिकात दर आठवड्याला एकेका म्हणीची फोड करून द्यायची. त्या आठवड्याची म्हण होती 'बैल गेला अन् झोपा केला'. एका मुलीनं उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं, 'बैल हरवल्यावर मालकाला निवांत झोप लागली.' कुमुद दोन दिवस त्या वाक्यावर धुमसत होती. झोपा म्हणजे झोप नव्हे, झोपा म्हणजे काट्याकुडाचं विणलेलं गोठ्याचं दार, बैल निघून गेल्यावर दार करून काय उपयोग, असं तिला एकदाचं सगळ्या तालुक्याला सांगायचं होतं. नीट कळावं म्हणून तिनं उदाहरण घेतलं : 'समजा, हिवरदरे खुर्द या गावी भिवजी नावाचा एक शेतकरी होता.' गावाचं नाव तिनं रस्त्याकडेच्या पाटीवरून उचललेलं. भिवजी तिच्या डोक्यातून आलेला.

संपादकांना ओळ बसेना. त्यांनी 'समजा' उडवला.

मग पुढचं सगळं इतिहासासारखं छापून आलं. भिवजीचा आळशीपणा, बायकोनं दार कर म्हणून केलेली भुणभुण, बैल गेल्यावर त्यानं रडत रडत केलेला झोपा, आणि गावानं त्याच्यावरून पाडलेली म्हण.

"तू आत थांब," मी मागे वळून हळूच म्हणालो. पण कुमुदला आत थांब म्हटलं की ती बाहेर येते. पदराला हात पुसत ती दारात आली.

"हे तुम्हीच लिवलंय?" सरपंचांनी विचारलं.

"हो. पण त्यात एक..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत रंगनाथराव खाली वाकले आणि तिच्या पायाला हात लावला. मागच्या तिघांनीही लावला. चौथ्यानं चुकून माझ्याही लावला.

"बाई, उपकार झाले," रंगनाथराव म्हणाले. "वरच्या गावाला लेणी हायेत. खालच्या गावचा पेढा पार पुण्यापतुर जातो. आमच्या गावात एसटीसुद्धा थांबत नाही. पोरीच्या सोयरिकीला गेलं की लोक इचारतात, हिवरदरे खुर्द म्हणजे कुठं आलं. आता सांगाया झालं. सगळा महाराष्ट्र जी म्हण बोलतो ना, ती आमची."

"अहो पण त्या म्हणीत तुमचा माणूस आळशी दाखवलाय," मी म्हणालो.

"असूं द्या की. आळशी तर आळशी. नाव तर झालं."

कुमुद म्हणाली, "सरपंच, ऐका. तिथे एक शब्द छापायचा राहिलाय."

"राहू द्या. हाय त्यात आमचं भागतंय," ते म्हणाले. "आम्ही गावाच्या तोंडाशी भिवजीबाबाचा गोठा बांधलाय. झोपा सुताराकडं टाकलाय. पुढच्या रविवारी तुमच्या हातनं उद्घाटन. दोघंबी या." आणि ओट्यावर नारळ ठेवून चौघे निघूनही गेले.

कुमुदनं नारळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय करायचं?"

"पत्र टाकून कळव, प्रकृती बरी नाही म्हणून."

"खोट्यावर खोटं? मी जाणार. आणि भाषणात खरं काय ते सांगणार. हळुवार सांगेन."

तिच्या हळुवारपणाचा मला संसारात बराच अनुभव होता, म्हणून मीही बरोबर जायचं ठरवलं.

एसटी हिवरदरे बुद्रुकला थांबते आणि तिथून ओढा ओलांडून खुर्दला चालत जावं लागतं. आम्ही उतरलो तर थांब्यावरच गर्दी. पुढे एक उंच, काळ्यासावळ्या बाई, हिरवं नऊवारी, हातात आमच्यासाठी हार. मागे हलगीवाले. या अनसूयाबाई मोहिते, बुद्रुकच्या सरपंच. सगळे त्यांना आक्का म्हणत.

कुमुदच्या गळ्यात हार घालून आक्का म्हणाल्या, "बाई, झ्याक लिहिलंत. पण बैल गेला एवढंच लिहिलंत. कुठं गेला ते न्हाई लिहिलं."

"कुठे म्हणजे?" कुमुदनं विचारलं.

"खुर्दातनं सुटलेलं जनावर कुठं जाणार? वैरण आमच्याकडं, पाणी आमच्याकडं. बैल बुद्रुकात आला. तो बैल बघितलेली माणसं आमच्या आजेसासऱ्यांनी बघितली हुती. म्हणजे अर्धी म्हण आमची."

"पहिली अर्धी," मी म्हणालो. मला गप्प राहता येत नाही.

आक्कांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. "भाऊंना कळतं. 'बैल गेला' आमचं, 'झोपा केला' त्यांचं. तेवढं भाषणात सांगा. आज उद्घाटन झालं की बैल वाजतगाजत आमच्या शिवेत आणायचा."

कुमुदनं माझं कोपर इतक्या जोरात दाबलं की हार खाली पडता पडता राहिला.

ओढ्यावरून जाताना एका हलगीवाल्यानं मला बाकीचं सांगितलं. आक्का आणि खुर्दचे रंगनाथराव सख्खी भावंडं. आक्कांचं माहेर खुर्द, सासर बुद्रुक. आक्का सरपंच झाल्या तेव्हा त्यांनी खटपट करून एसटीचा थांबा बुद्रुकात आणला. भावाचं म्हणणं, ओढ्यावर मधोमध ठरला होता. बहिणीचं म्हणणं, ओढ्यात एसटी कोण थांबवतं. तेव्हापासून बोलणं बंद, भाऊबीज बंद. "आता काय सांगायचं झालं," हलगीवाला म्हणाला, "तर ग्रामपंचायतीच्या शिक्क्यानं कळवत्यात."

खुर्दच्या तोंडाशी मांडव घातला होता. त्यापुढे भिवजीबाबाचा गोठा : पुरुषभर उंचीचा दगडी गडगा, वरून बाभळीच्या काट्याच्या फांद्या, आत दगडी गव्हाण, आणि पुढे तो झोपा. मी जन्मात इतकं भक्कम दार पाहिलं नव्हतं. ओल्या बाभळीच्या दांड्या, मधे काट्यांची वीण, बाहेरून हातभर जाडीचा अडसर. आत रंगनाथरावांचा हौशा नावाचा बैल उभा होता. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि चेहऱ्यावर लग्नाला आलेल्या म्हाताऱ्या मामासारखा भाव : जेवण कधी आहे?

कार्यक्रम असा ठरला होता, की कुमुदनं आत जाऊन बैलाची पूजा करायची, बाहेर यायचं, आणि झोपा लावायचा. मग भाषण. रंगनाथराव पूजेचं ताट घेऊन तिच्याबरोबर आत गेले. कुमुदनं बैलाला कुंकू लावलं. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत आक्का सरळ आत शिरल्या आणि त्यांनी हौशाचा कासरा धरला.

मांडवातली माणसं पुढं सरकली.

रंगनाथराव बहिणीकडे न बघता कुमुदला म्हणाले, "बाई, यांना सांगा, कासरा सोडा."

आक्का भावाकडे न बघता म्हणाल्या, "बाई, यांना सांगा, बैल गेल्याबिगर म्हण कशी व्हायची?"

"यांना सांगा, बैल माझा हाय."

"यांना सांगा, भिवजीबाबाबी तसंच म्हणत हुता."

आक्कांनी बैलाला दोन पावलं दाराकडे ओढलं. तेव्हा खुर्दच्या कुणीतरी भरल्या गर्दीतून ओरडून सांगितलं की बैल चालला, आणि चारपाच जणांनी मिळून झोपा धाडकन लावला आणि अडसर ठोकून बसवला.

आत बैल, दोन सरपंच आणि माझी बायको.

"झालं उद्घाटन," शेजारचा म्हातारा म्हणाला.

अडसर काढायला गेले तर तो निघेना. ओलं लाकूड, ठोकताना खाचेत पार आवळून बसलेलं. सुताराला पुढं ढकललं. त्यानं अडसरावर हात फिरवला, वाकून पाहिलं आणि समाधानानं म्हणाला, "न्हाई निघायचा. मला सांगितलं हुतं, बैल जाऊ नये असा झोपा कर. उघडायचं कुणी बोललंच न्हाई."

बुद्रुकवाले म्हणाले, करवत आणा. खुर्दवाले म्हणाले, अजून फोटो काढायचाय, फोटोआधी कापायचा कसा. बुद्रुकवाले म्हणाले, आमच्या सरपंच आत आहेत. खुर्दवाले म्हणाले, आमचे पण आहेत, आम्ही काही बोललो का. करवत कुणाच्या घरी आहे यावरून आणखी वाद सुरू झाला.

मी झोप्याच्या फटीला डोळा लावला. "कुमुद, ठीक आहेस ना?"

"बैल माझा हार खातोय," ती आतून म्हणाली.

"खाऊ दे. शेवटची एसटी पाचला आहे."

"मला ठाऊक आहे."

मग तिनं ते केलं. मला वाटतं, तिला भाषणाची वाट बघणं सहन झालं नसावं. ती दोघांच्या मधे उभी राहिली, म्हणजे बैलाच्या मानेजवळ, आणि वर्गात म्हणते तशा आवाजात म्हणाली, "ऐका दोघं. मी 'समजा' असं लिहिलं होतं. समजा, भिवजी नावाचा शेतकरी होता. छापताना 'समजा' गळला. भिवजी कुणी नव्हता. मी मनानं घेतला."

हौशाचं चघळणं तेवढं ऐकू येत होतं.

आक्का म्हणाल्या, "म्हणजे बैल आमच्याकडं आला न्हाई?"

"नाही."

रंगनाथराव म्हणाले, "म्हणजे आमच्याकडनं गेला न्हाई?"

"बैलच नव्हता."

"आणि आजेसासऱ्यांनी बघितलेली माणसं?" कुमुदनं आक्कांना विचारलं.

आक्कांनी कासऱ्याचा पीळ उलगडला, परत घातला. "ते तुम्ही पेपरात लिहिलं म्हणून आठवलं आमास्नी."

रंगनाथराव गव्हाणीच्या कडेवर बसले. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "पोस्टमास्तरला सांगितलंय मी," ते म्हणाले. "तलाठ्याला सांगितलंय. पोरीच्या सासरी सांगून आलोय. व्याही उठून उभा राहिला हुता."

"मीबी सांगितलंय," आक्का म्हणाल्या. "तालुक्याच्या बैठकीत सांगितलंय. टाळ्या पडल्या."

मी फटीतून बघत होतो. इतक्या वर्षांत ती दोघं पहिल्यांदाच एकमेकांना उद्देशून बोलली होती, आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

"बाई," रंगनाथराव म्हणाले, "हे बाहेर बोलू नका."

"नकाच बोलू," आक्का म्हणाल्या.

"पण खरं..."

"खरं आम्हा तिघांत राहू द्या की," आक्का म्हणाल्या. "आणि फटीतल्या भाऊंत." मी डोळा काढून घेतला. मग परत लावला. "म्हण तर कुठनं तरी आलीच असंल ना, बाई? कुठल्यातरी गावात कुणाचा तरी बैल गेलाच असंल. तो आमचा नव्हता असं तुमास्नी तरी कुठं ठाऊक हाय?"

कुमुद बी.एड.ला हे कुठे शिकली नव्हती. आक्का भावाजवळ गेल्या आणि त्याच्या दंडाला बाभळीचा काटा रुतला होता तो त्यांनी चिमटीनं उपटला. "हालू नगंस, रंगा," म्हणाल्या. तो हालला नाही.

हार संपला होता. हौशानं ताटातला नारळ हुंगला, नापसंत केला, आणि मान खाजवायला झोप्याच्या खांबाला टेकला. सुतारानं दार दणकट केलं होतं, पण खांब पुरायचं काम गावानं श्रमदानानं केलं होतं. खांब आधी जरासा हालला. हौशाला ते आवडलं असावं, त्यानं आणखी जोरात घासलं. मी ओरडायच्या आत खांब, अडसर आणि झोपा असं सगळं एकत्र बाहेरच्या बाजूला आडवं झालं. मी बाजूला उडी मारली म्हणून आज हे सांगतोय. हौशा त्या पडलेल्या झोप्यावरून, पायघड्यांवरून जावं तसा, सावकाश बाहेर आला.

हलगीवाल्यांना सांगून ठेवलं होतं, बैल बाहेर पडला की वाजवा. त्यांनी वाजवली.

मग मात्र हौशा उधळला. मांडवाचा एक खांब त्यानं बरोबर नेला. फोटोवाला गडग्यावर चढला आणि काट्यात बसला. बैल कुणाच्या तरी अंगणातल्या कुरड्यांवरून गेला, शाळेच्या व्हरांड्यातून गेला, मंदिराला उलटी प्रदक्षिणा घालून ओढ्याकडे सुटला. मागे खुर्दवाले, 'धरा' म्हणत. त्यांच्यामागे बुद्रुकवाले, 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत. त्यांच्यामागे हलगी, कारण थांबा असं कुणी सांगितलं नव्हतं. घटकाभरात मांडवात मी, सुतार आणि लाऊडस्पीकर उरलो.

कुमुद मात्र लगेच बाहेर आली नाही. दार पडलेलं, सगळं उघडं, तरी ती आत उभीच. लाऊडस्पीकरच्या खरखरीत मला आतलं काही ऐकू येत नव्हतं. मग ती पदर झटकत आली, झोप्यावरून जपून पाय टाकत.

"ते दोघं?" मी विचारलं.

"बसलेत."

"अगं, बैल गावभर फिरतोय. त्यांना उठवायला नको?"

"नको," कुमुद म्हणाली. "चला, एसटी चुकेल."

जाताना मी वळून पाहिलं. गव्हाणीच्या कडेवर दोघं सरपंच शेजारी शेजारी बसले होते. रंगनाथराव काहीतरी विचारत होते आणि आक्का हातवारे करून सांगत होत्या. दोघांचंही बैलाकडे लक्ष नव्हतं. आम्ही ओढा ओलांडून आलो तर बैल बुद्रुकच्या थांब्यावर, निवाऱ्याच्या सावलीत, एसटीची वाट पाहिल्यासारखा उभा होता. बुद्रुकवाले म्हणत होते, बघा, आम्ही काय म्हणत होतो.

"काय बोलत होते गं ते?" मी गाडीत विचारलं.

"ते त्यांचं आहे," म्हणून कुमुदनं खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. पुढे मी ते अनेकदा विचारलं. तिनं कधी सांगितलं नाही. 'समजा'ची दुरुस्तीही तिनं छापू दिली नाही. संपादकांना म्हणाली, आहे ते राहू द्या. दिवाळीनंतर कुणीतरी सांगितलं, की एसटी आता ओढ्यापाशीही थांबते, पाण्यात नाही, अलीकडच्या काठावर.

याला आता बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झालो, कुमुदही झाली. परवा नात्यातल्या एका लग्नाला आम्ही पार दुसऱ्या जिल्ह्यात गेलो होतो. जेवणाच्या हॉलमध्ये सगळा गोंधळ होता. भात नव्हता, वाढपी नव्हते, आणि यजमान मंडळी एका खोलीत मानपानावरून खलबतं करत बसली होती. माझ्या डाव्या हाताचे अनोळखी गृहस्थ, जाकीटवाले, रिकाम्या ताटाकडे बघत म्हणाले, "नेहमीचंच आहे. सरपंच झोप्याआड अन् बैल गावभर."

माझा हात पाण्याच्या पेल्यावर तसाच राहिला. उजवीकडे कुमुदही थांबली.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हण आहे जुनी. तुमच्याकडं नाही?" गृहस्थ खुशीत आले. "फार जुनी, शिवकालाच्याही आधीची. कारभारी आत बसून भांडत राहतात आणि कामाचा बाहेर विचका होतो, असा अर्थ. आमच्याच भागातली आहे. दोन सरपंच होते, हाडवैरी. गोठ्यात समोरासमोर आले आणि असे भांडले, असे भांडले, की दार मोडलं, बैल पळाला, तरी त्यांना पत्ता नाही."

"शिवकालाआधी सरपंच?" मी म्हणालो.

"असतील ना," गृहस्थ म्हणाले.

कुमुद माझ्यापलीकडून वाकली. "भांडत नव्हते ते."

"मग काय करत होते?"

मी जेवणाचं विसरून तिच्याकडे वळलो.

"भावानं विचारलं, आईच्या हातची कुळथाची शेंगोळी तुला येते का," कुमुद म्हणाली. "त्याच्या बायकोची दरवेळी विरघळून पिठलं व्हायचं. आई गेल्यापासून त्यानं खाल्ली नव्हती. बहीण म्हणाली, गार पाण्यात सोडत असतील, फोडणीच्या पाण्याला खळखळून उकळी आली की मग सोडायची. तो म्हणाला, परत सांग. तिनं परत सांगितलं. मग लसूण किती, ते सांगितलं. मग तो म्हणाला, असं सांगून नाही कळत, तूच ये करायला. बैल केव्हाच गेला होता."

गृहस्थांनी तिचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. मग समजूत घातल्यासारखं हसले.

"छे हो, ताई. शेंगोळीवरून कधी म्हण पडते का?"

"नसेल पडत," कुमुद म्हणाली, आणि तिनं लांबून येणाऱ्या भाताच्या वाढप्याला हात केला.